मापाचा दोरा

पाकीट फोडलं तर चिठ्ठीच्या आधी दोरा बाहेर आला. गोधडीला वापरतात तसला जाड पांढरा दोरा, आणि त्याला तीन ठिकाणी गाठी. मी तो पांघरुणावर हाताने सरळ केला आणि बघत बसले.

"काय आलंय?" शेजारच्या खाटेवरून सुगंधाबाईंनी विचारलं. "सासूने गंडा-दोरा पाठवला का?"

"माप आहे," मी म्हटलं. "माझ्या मुलीचं."

"दोऱ्यात?"

"हो. ही पहिली गाठ बाहीची, मधली उंचीची, आणि टोकाची छातीची."

सुगंधाबाई कोपरावर उठल्या. त्यांना उठायची मनाई होती, पण त्या नगरच्या मिशन शाळेतल्या मास्तरीणबाई होत्या आणि मनाई दुसऱ्यांना असते असं त्यांचं मत होतं. "आणि हे सगळं चिठ्ठीत लिहिलंय?"

चिठ्ठीत तसं काही नव्हतं. चिठ्ठी आमच्या यांच्या हातची, दोनच ओळींची. 'सुली बरी आहे. तू स्वेटरसाठी माप मागितलंस, ते आईने घेतलं आहे, ती म्हणते तुला कळेल.' आणि मला कळलं. आम्ही कराडचे कासार. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बाईचा हात एकदा दाबला की बांगडी कुठली बसेल ते त्या न बघता सांगायच्या. माप चुकलं तर बांगडी तरी फुटते नाहीतर हात तरी सोलवटतो, असं त्या म्हणायच्या. त्यांनी घेतलेल्या मापावर माझा भरवसा होता.

मी दोरा बोटाला गुंडाळला. माझी सुली एवढ्याशा दोऱ्यात मावत होती.

घाटमाथ्यावरच्या त्या क्षयाच्या दवाखान्यात मला आषाढात आणून टाकलं होतं. 'आणून टाकलं' हा माझा शब्द. घरचे 'ठेवलं' म्हणायचे. मी बावीस वर्षांची होते आणि सुली नुकती दोन वर्षांची झाली होती. लहान मुलांना आत आणायला बंदी होती. निघताना तिला माझ्याजवळ येऊ दिलं नव्हतं. आत्याबाई तिला कडेवर घेऊन दुकानाच्या फळीआड उभ्या राहिल्या आणि मी मोटारीत बसले. दोन वर्षांचं पोर सहा महिन्यांत आईचा चेहरा विसरतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बरं होऊन घरी गेले तरी मी तिला पाहुणी वाटणार, ही भीती मला खोकल्याहून जास्त छळायची.

म्हणून मला विणायचं होतं. डॉक्टर परुळेकरांनी सरळ नाही म्हटलं.

"हात हलला की छाती हलते. तुमच्या छातीला विश्रांती हवी आहे. इथे विश्रांती घ्यायला आलात, कारखाना काढायला नाही."

"रडल्यावर छाती हलत नाही का?"

"म्हणजे?"

"मी दुपारभर रडते, डॉक्टर. हुंदका आला की छाती किती हलते ते तुमच्या नळीने बघा. विणताना एवढी नाही हलणार."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मागे उभी असलेली सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागली.

"ताप उतरू द्या," ते म्हणाले. "सलग आठवडाभर शंभराच्या आत राहिला तर रोज एक तास. टेकून बसून. आणि खोकला आला की सुया खाली."

मी एरवी क्षयावरची ती पॅसची औषधं तोंडात धरून मोरीत थुंकायची. त्या दिवसापासून मी ती निमूटपणे गिळायला लागले. इंजेक्शनला आपणहून वळून झोपायला लागले. सिस्टरला वाटलं मला भक्तीचा झटका आला. श्रावणाच्या शेवटी ताप शंभराच्या आत येऊन बसला आणि पुन्हा वर गेला नाही.

शिकवलं सुगंधाबाईंनी. टाके घालायचे कसे, सुलट कसा, उलट कसा, बंद कसे करायचे. त्यांच्या सुया लाकडी होत्या आणि बोलणं त्याहून टोकदार होतं. "प्रमिला, हा टाका आहे का फास? लोकरीचा जीव घेशील." मी उसवायची आणि पुन्हा घालायची. हात जमला तेव्हा मी विचारलं, "नमुना कुठला घालू?"

"पुस्तक शाळेत राहिलं माझं. साधाच वीण."

"साधा तर बाजारात मिळतो."

"मग समोर बघ!" त्या वैतागून म्हणाल्या. "दिवसभर त्या दरीकडेच बघत असतेस ना? त्यातलं काहीतरी घाल."

त्या वैतागून बोलल्या, पण मी खरंच समोर बघितलं. आमच्या खाटा लांब ओसरीत होत्या, पुढे नुसता कठडा आणि कठड्यापलीकडे दरी. दरीच्या पलीकडच्या उतारावर भाताची खाचरं होती, एकाखाली एक, प्रत्येकाला बांध. हिरवी पट्टी, मग बांध, पुन्हा हिरवी पट्टी. मी किती दिवस ते बघत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. सुलट ओळी खाचरासारख्या सपाट येतात, आणि मध्येच एक उलट ओळ घातली की बांधासारखी वर उठते.

"सुगंधाबाई," मी म्हटलं, "खाचरं विणता येतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दरीकडे. "बांध सरळ ठेवू नको," त्या म्हणाल्या. "ते कुठे सरळ आहेत?"

तेव्हा मी मनाशी ठरवलं. सुलीला माझा चेहरा आठवणार नाही तर नाही. पण मी जिथे आहे, जे बघते, ते तिच्या अंगावर असेल. आई कुठाय म्हणून विचारलं तर तिला छातीवर बोट ठेवून दाखवता येईल. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण बोलून दाखवलं असतं तर रडले असते, आणि रडले असते तर सुया गेल्या असत्या.

लोकर हे कराडहून आणून द्यायचे. महिन्यातून एकदा यायचे, ओसरीच्या पायरीशी उभे राहायचे. बोलणारे एरवीही फारसे नव्हतेच. खाचरांचा स्वेटर मी त्यांच्या हाती दिला तेव्हा तो त्यांनी रुमालात गुंडाळला आणि पिशवीत सर्वांत खाली ठेवला. मला ते खटकलं.

भाद्रपद सरता सरता समोरचा उतार पिवळा झाला. सोनकी फुलली होती, सगळीकडे, दगडांच्या फटीतसुद्धा. त्याच सुमाराला दुसरा दोरा आला. मी तो पहिल्याशेजारी ठेवला. छातीची गाठ जेमतेम सरकली होती, पण उंचीची चांगली पुढे गेली होती. पोर उंच होत होती आणि मी ते दोऱ्यावरून बघत होते.

हिरव्या लोकरीवर पिवळ्या गाठीगाठींची फुलं काढायची असं मी ठरवलं. एकाच टाक्यात पाच वेळा सुई घालायची आणि मग पाचही एकत्र आवळायचे, की छोटं फूल वर येतं. ही युक्ती सुगंधाबाईंनी आठवून आठवून सांगितली. फुलं ओळीत बसवायची नाहीत, उतारावर असतात तशी विखुरलेली, हे मात्र माझं. रोज सकाळी मी धुकं विरायची वाट बघायची, उताराचा एक तुकडा नजरेत धरायची आणि दुपारी तेवढाच विणायची.

डाव्या बाजूला, काखेच्या खाली, एक फूल अर्ध्यावर होतं तेव्हा मला जोराचा खोकला आला. सुई निसटली. टाका दोन ओळी खाली उतरला. खोकला थांबून तोंड पुसेपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक, त्या दिवशी रुमालावर लाल होतं. सिस्टरने सुया काढून घेतल्या. परत मिळाल्या तेव्हा मी तो टाका लोकरीच्या तुकड्याने जागच्या जागी बांधून टाकला आणि वर एक टाका वाढवून पुढे गेले. फुलाखाली बोट जाईल एवढं भोक राहिलं.

"उसव," सुगंधाबाई म्हणाल्या. "चार बोटं तर उसवायचं आहे."

"नाही उसवणार. आता मागे जायचं नाही मला."

"चूक दिसेल."

"दिसू दे."

त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. मग एकदम म्हणाल्या, "प्रमिला, एक सांगू? राग धरू नको. मी इथून माझ्या भाच्याला मोजे पाठवले होते. गेल्या हिवाळ्यात."

"मग?"

"माझ्या बहिणीने ते चुलीत घातले. तिनेच मला पत्राने कळवलं, लपवलं नाही. तिची तीन मुलं आहेत. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही." त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "आपल्या हातचं घरात घेत नाहीत गं. तू फार आशेने विणतेस म्हणून सांगितलं."

मी पुढचा टाका घातला. सोनकीचा स्वेटर पुरा केला. बाह्या जोडल्या, बटणपट्टी काढली, आणि हे आले तेव्हा तो हातात धरूनच विचारलं, "आधीचा सुलीला बसला?"

"हो."

"घालते ती?"

"घालते की." पण डोळे पायरीकडे.

"माझ्याकडे बघून सांगा."

"अगं, आई म्हणते छान झालाय. पोर काढू देत नाही अंगातून." आणि मग विषय बदलल्यासारखं हसून, "त्या लोकरवाल्या दुकानदाराने मला काल विचारलं, वेळापुरे, तुमच्या घरी लोकर खातात का?"

त्या हसण्याने माझा संशय आणखी वाढला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की असाच भलतीकडे वळतो. मी स्वेटर त्यांना दिला, पण सांगितलं, "आत्याबाईंना म्हणावं, सुलीला घेऊन या. फाटकापाशी. मला माझ्या डोळ्यांनी स्वेटर तिच्या अंगावर बघायचा आहे."

"फाटकापर्यंत तुला चालू देणार आहेत का?"

"ते माझं मी बघते."

फाटक ओसरीपासून लांब होतं, आणि मध्ये चढ. मला तोवर मोरीपर्यंतसुद्धा सिस्टर धरून न्यायची. डॉक्टर म्हणाले, थुंकीची तपासणी लागोपाठ तीनदा स्वच्छ आली तर फाटकाजवळच्या जांभळापर्यंत जाता येईल, तेही रेघेच्या अलीकडे. जांभळाखाली पेशंट आणि भेटायला येणारे यांच्यात चुन्याची एक रेघ मारलेली असायची. मुलांनी ती ओलांडायची नाही, आम्हीही नाही.

मी दूध प्यायला लागले, ज्याचा मला लहानपणापासून तिटकारा. अंडं खाल्लं, जे आमच्या घरात शिजत नव्हतं. ओसरीच्या खांबापासून खांबापर्यंत चालायची परवानगी काढली, आणि रोज जरा पुढे जायची. पाय लटपटायचे, घाम फुटायचा, सुगंधाबाई खाटेवरून ओरडायच्या, "बस खाली, पडशील आणि माझ्या डोक्याला ताप करशील!" मार्गशीर्षात पहाटे कठड्याच्या तारांवर कोळ्यांची जाळी दवाने भरलेली दिसायची. तिसरा दोरा आला तेव्हा मी पांढऱ्या लोकरीत तीच जाळी विणायला घेतली. चालायचं आणि विणायचं, विणायचं आणि चालायचं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. जाळीचा स्वेटर झाला तसा तोही यांच्याबरोबर पाठवून दिला, कुठे जातो ते माहीत नसताना.

तपासणी पहिल्यांदा स्वच्छ आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी निकालाच्या दिवशी मी डॉक्टरांच्या पायांच्या आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करत होते. ते आले आणि म्हणाले, "जा बाई त्या जांभळापर्यंत. नाहीतर तुम्ही रात्रीतून पळून जाल."

आत्याबाईंचा निरोप आला, संक्रांत होऊ दे. संक्रांतीच्या आधी कासाराला दुकान सोडून उठता येत नाही, हे मलाही माहीत होतं. त्या दिवसांत बायका दारात रांग लावतात. संक्रांत झाली आणि त्या आल्या.

मी आधीपासून जांभळाखाली उभी होते. पायांत बळ नव्हतं, पण बसायचं नाही असं ठरवलं होतं. सुलीने मला बसलेली बघू नये. मोटारतळाकडून आधी हे दिसले, हातात पिशवी. मग आत्याबाई, नऊवारीचा पदर कमरेला खोचून, आणि त्यांचं बोट धरून एक लहान मुलगी. मला आधी चेहरा दिसला नाही. आधी दिसलं ते हिरवं, आणि हिरव्यावर पिवळे ठिपके.

सोनकी. माझी सोनकी माझ्या मुलीच्या अंगावर उड्या मारत येत होती.

मी इतकी सुखावले की झाडाचा बुंधा धरावा लागला. जाळला नव्हता. घालत होते. सुगंधाबाई ओसरीत कठड्याशी उभ्या होत्या, मी त्यांना हात करून दाखवलं.

रेघेपाशी येऊन आत्याबाई थांबल्या. सुली त्यांच्या निऱ्यांमागे लपली.

"सुले, कोन गं ही?" आत्याबाईंनी विचारलं.

सुलीने एक डोळा बाहेर काढून मला बघितलं. ओळख नव्हती. मी ते धरूनच चालले होते.

"बरं, ह्यो सोटर कुनाचा?"

"आईचा," सुली लगेच म्हणाली आणि छातीवर हात ठेवला.

"आन् आई कुटं असती?"

"फुलांत."

मला हसू आलं आणि रडूही. मी खाली वाकले, रेघेच्या अलीकडेच, तिला नीट बघायला. तेव्हा माझं लक्ष स्वेटरकडे गेलं. हिरवा रंग जरासा काळपट होता. लोकर त्याच दुकानातली, पण दुसऱ्या खेपेची; विणणाऱ्या बाईला तो फरक लगेच कळतो. आणि वीण घट्ट होती, इतकी घट्ट की टाका टाक्याला चिकटलेला. माझा हात तोवर सैल पडायला लागला होता. फुलं माझी होती, जागच्या जागी होती, पण हा स्वेटर माझा नव्हता.

मी उभी राहिले.

"हा मी विणलेला नाही."

हे दुसरीकडे बघायला लागले. आत्याबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"माझा कुठाय?"

"पमा, बस आधी."

"जाळलात ना? चुलीत घातलात ना?" माझा आवाज चढला. फाटकावरचा माणूस वळून बघायला लागला. "मी तिथे पडून, एकेक टाका मोजून... तुम्हाला नको होता तर तसं सांगायचं. खोटं कशाला बोलायचं?" मला भयंकर राग आला होता, आणि आजही मला वाटतं की तो राग बरोबर होता.

आत्याबाईंनी यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यातून धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं आणि रेघेवर ठेवलं. मी ते ओढून उघडलं. कडुनिंबाचा पाला, आणि त्यात माझे तिन्ही स्वेटर. खाचरं, सोनकी, जाळी. घडी मी घातली होती तशीच.

"जाळीन कशाला?" त्या म्हणाल्या. "पर पोरीच्या अंगाला लावायचं मला भ्या वाटलं. खोटं न्हाई बोलत. एकच नात हाय मला."

"उकळून घ्यायचे होते. उन्हात टाकायचे होते. डॉक्टरांना विचारायचं होतं."

"आसंल. डागदराला ठावं आसंल. मला भ्या वाटलं."

"मग बाजारातून घ्यायचा होता एखादा. हा कुणी विणला?"

आत्याबाईंनी हात पुढे केले. बोटांच्या टोकांना सुयांनी पडलेले घट्टे होते. चाळीस वर्षं बांगड्या भरून त्या हातांना असले घट्टे पडले नव्हते.

"मामलेदारीनबाईकडं बांगड्या भराय जाते न्हवं मी. तिला म्हनलं, बांगड्या फुकट भरते, मला तेवढं लोकरीचं शिकवा. लई हसली. म्हनली, गोदाक्का, ह्या वयात? म्हनलं, ह्याच वयात." त्या थांबल्या. "तुझा सोटर म्होरं टांगायचा, आडव्या काठीवर. हात लावायचा न्हाई. नुसतं बगायचं आन् त्येच्यावानी करायचं. पयला तर चारदा उसावला."

"पण कशासाठी?" मी विचारलं. "बाजारचा चालला असता ना."

"बाजारचा आनला तर पोरीला सांगू काय? आईनं धाडलाय म्हनून? तूच सांग. आईनं धाडलाय तर आईच्या हातचं कायतरी नगं का त्यात?"

हे पहिल्यांदाच बोलले, "मी तुला सांगणार होतो. आई म्हणाली, कळलं तर ती विणायचं सोडेल. विणायचं मनात घेतल्यापासून तुझा ताप उतरलाय."

"सोडलं असतं की न्हाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"सोडलं असतं," मी खरं ते सांगितलं.

सुली मघापासून कंटाळली होती. ती पुढे येऊन रेघेवर उकिडवी बसली आणि डाव्या काखेखाली चाचपायला लागली. तिथे एक फूल होतं आणि फुलाखाली भोक. तिने त्यात करंगळी घातली आणि शांत बसली.

"ही सवय लागलीया तिला," आत्याबाई म्हणाल्या. "त्या भोकात बोट घातल्याबिगर झोपत न्हाई. आन् ते भोक, पमा... लई तरास दिला बग त्यानं. मामलेदारीनबाई म्हनली, गोदाक्का, ही चूक हाय, मी बुजवून देते. मी म्हनलं, हात लावू नका. माझी सून एकेक फूल मोजून इनतीया, ती चुकंल व्हय? भोक ठिवलंय तर भोकच पायजे. तीन येळा उसावलं तवा कुटं तुझ्यावानी झालं." त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "कशाचं गं ते? खालचं पान हाय का?"

मी सांगू की नको, असं क्षणभर वाटलं. पण त्या दिवशी कुणीच कुणाशी खोटं बोलायचं नव्हतं.

"पान नाही, आत्याबाई. तिथे टाका निसटला होता. मला खोकला आला होता. रक्त पडलं होतं."

आत्याबाई सुलीच्या करंगळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं.

"तुझा खोकला इनला की गं मी," त्या म्हणाल्या. "नव्या लोकरीत."

रेघ मध्ये होती. मी तिकडे जाऊ शकत नव्हते आणि त्या इकडे येऊ शकत नव्हत्या. मी नुसती मान हलवली.

निघताना मी विचारलं, "पुढचा दोरा कधी पाठवाल?"

"न्हाई धाडायची." त्यांनी डोळे पुसले होते आणि आवाज पुन्हा दुकानातला झाला होता. "लई झालं दोरं. आता पोरीचं माप घ्यायचं तर तू घरी यायचं आन् तुझ्या हातानं घ्यायचं. मी एकबी दोरा धाडनार न्हाई, सांगून ठिवते."

"आई," हे म्हणाले, "डॉक्टर म्हणतील तेव्हा ती येईल ना."

"डागदर म्हनंल तवा न्हाई. ती ठरवंल तवा. ठरवलं म्हनून आली न्हवं हितपर्यंत?"

सुली जाताना वळून वळून बघत होती, माझ्याकडे की दरीकडे ते कळलं नाही. मी गाठोडं उचललं आणि ओसरीपर्यंत एकटीने चालत आले. सुगंधाबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "तुझी सासू माझी बहीण असती तर बरं झालं असतं." ते तीन स्वेटर आम्ही दोघींनी मिळून उसवले, आणि त्या लोकरीच्या कानटोप्या करून ओसरीतल्या बायकांना वाटल्या. फाल्गुनात पांगारा लालभडक झाला तेव्हा ओसरीत सगळ्यांच्या डोक्यावर हिरवं, पिवळं, पांढरं होतं.

मी घरी गेले ती पुढच्या पावसाळ्याआधी. सुली दोन दिवस लांबून बघत होती, तिसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसली. मी आत्याबाईंकडून दोरा मागितला, तिच्या छातीला लावला आणि गाठ मारली. दुकानात मांडलेल्या बांगड्यांवर सकाळचं ऊन पडायचं आणि समोरच्या भिंतीवर हिरवे-लाल गोल उमटायचे, तेच विणायचं मी ठरवलं.

काम निम्म्यावर आलं असेल. आत्याबाई एका गिऱ्हाइकाचा हात दाबत बसल्या होत्या, मान वर न करता त्यांनी विचारलं, "भोक ठिवलंस का गं?"

"ठेवलं," मी म्हटलं. "या वेळी मुद्दाम."